उजवं फूल

निम्म्याहून जास्त लिंगं झाली होती आणि गल्लीतल्या बाकीच्या बायका पार पुढं निघून गेल्या होत्या. मागं राहिल्या त्या दोघी, सुंदरम्मा आणि वच्छला. टायरच्या दुकानामागं पत्र्याच्या दोन शेडच्या मधल्या बोळात एक लिंग आहे. तिथं सुंदरम्मा गुडघ्यावर हात रोवून वाकली होती आणि वच्छला तिची पिशवी धरून उभी होती. पहाटे अनवाणी निघालेल्या पायांना आता डांबर टोचायला लागलं होतं. भुरभुर पावसानं लुगडी ओली झाली होती, आणि सुंदरम्माचं काही आटपत नव्हतं.

श्रावणात सोलापूरच्या बायका ही अडुसष्ट लिंगांची फेरी पायी करतात. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली लिंगं. गाव वाढत गेलं तसं एखादं गॅरेजमागं गेलं, एखादं कुणाच्या परसात, एखादं कारखान्याच्या भिंतीला टेकून बसलं. हुडकत जायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा, हात जोडायचे आणि पुढं चालायचं. एवढंच काम. त्यात विचारायचं काही नसतं.

सुंदरम्मा मात्र विचारत होती. प्रत्येक लिंगापाशी ती पिशवीतनं कण्हेरीची दोन फुलं काढायची, तांब्यात बुडवायची, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. मग डोळे मिटून पुटपुटायची. उजवं फूल आधी पडलं की देवाचा होकार, डावं पडलं की नकार. तिच्या माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर, सगळं गाव असंच देवाला विचारून चालायचं. पण आज सकाळपासून दोन्ही फुलं चिकटून बसत होती. पावसानं लिंगंच इतकी ओली की फूल सुटायचं नावच घेत नव्हतं. आणि एखाद्या ठिकाणी सुटलं तर दोन्ही एकदम.

"यव्वा, देव आज बोलतच न्हाई बघ," सुंदरम्मा कंबर धरून उठली.

"बोलंल की. सकाळपासनं एकच विचारून विचारून त्येला बी कटाळा आला आसंल," वच्छला म्हणाली. "चला अक्का. बायका चहाला थांबल्या आसतील."

वच्छलाचं या फुलांबद्दलचं मत फार पूर्वीच झालं होतं, फक्त ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती स्वतः देवाधर्माची बाई. रोज सकाळी दिवा, सोमवार, एकादशी; पण देवाशी तिचं बोलणं कमी. मंद्रूपच्या शेतकरी घरात वाढलेली. तिथं देवाला नमस्कार करायची पद्धत होती, त्याला कामाला जुंपायची नव्हती. सुंदरम्माच्या शेजारी राहायला आल्यावर पहिल्या वर्षीच तिनं ते बघितलं होतं. सुंदरम्माला जे फूल पडायला हवं असेल ते ती नुसतं पाण्याला लावायची आणि अलगद टेकवायची. दुसरं मात्र चांगलं बुडवून अंगठ्यानं दाबायची. मुद्दाम करत होती म्हणावं तर तसंही नाही. तोंडानं देवाचं नाव चालू, डोळे भक्तीनं पाणावलेले, आणि अंगठा आपलं काम करतोय. ती लबाडी करते हे तिच्या अंगठ्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. वच्छलाला याचीच जास्त चीड यायची. उघड लबाड माणूस निदान लबाडी करताना इकडंतिकडं बघतो तरी.

असं करत करत सुंदरम्माचं सगळं आयुष्य देवाच्या मर्जीनं चाललं होतं. नवरा मडिवाळप्पा टॉवेलच्या मागावर कामाला; गरीब, न बोलणारा माणूस. सासूला इथं ठेवायचं की गावी, फुलानं गावी सांगितलं. म्हातारी गावातच एकटी गेली. नणंदेच्या लग्नात काय द्यायचं, फुलानं हात आखडता घ्यायला सांगितलं. मडिवाळप्पा गेल्यावर दिराशी बोलायचं की नाही, फुलानं नाही सांगितलं, आणि त्याच आठवड्यात दिरानं वाटणीचा विषय काढला होता हा निव्वळ योगायोग. देवाला दर वेळी नेमकं तेच हवं असायचं जे सुंदरम्माच्या सोयीचं. आणि गल्ली तिला देवमाणूस म्हणायची! पोरीचं स्थळ आलं, घर बदलायचंय, की चालल्या बायका सुंदरम्माकडं. शिकलेल्या, हातात मोबाइल घेतलेल्या बायका. स्वतःच्या डोक्यानं ठरवलं तर उद्या चुकल्यावर दोष स्वतःकडं येतो. देवाकडं लोटला की निवांत झोप. एवढ्यासाठी सुंदरम्माचा भाव.

दोघी रस्त्याला लागल्या. कुठल्यातरी कारखान्यातनं मागांची खडखड येत होती. एक रिक्षावाला चिखल उडवत गेला.

"काय विचारताय एवडं?" शेवटी वच्छलानंच विचारलं. "बसूचं काय हाय का?"

"पोराचं काय न्हाई. तो बरा हाय." सुंदरम्मानं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "हुस्नाचं."

वच्छलाची चाल मंदावली.

हुस्ना म्हणजे त्यांच्या बचत गटातली. गट कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करायचा. शेंगदाणे भाजायचं काम हुस्नाकडं, कुटायचं सुंदरम्माकडं, भाकरी थापायला वच्छला आणि आणखी दोघीतिघी. फाल्गुनात एका मोठ्या लग्नघराची चटणीची ऑर्डर आली होती. चटणी गेली, आणि दुसऱ्या दिवशी लग्नघरची माणसं डबे घेऊन गल्लीत आली. चटणी खवट होती. पंगतीत पाहुण्यांनी पानात थुंकली म्हणे. भर रस्त्यात त्यांनी डबे उघडून दाखवले. पुन्हा या गटाकडनं काही घेणार नाही आणि कुणाला घेऊ देणार नाही, असं ओरडून ती माणसं गेली.

मग चूक कुणाची हे हुडकणं आलं. तेव्हा रमजान चालू होता. कुणीतरी म्हणालं, हुस्नाचा रोजा होता, तिनं दाणे भाजताना चाखलेच नसणार. झालं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. किती सोपं! आणि हे बायकांनी शिव्या देऊन म्हटलं असतं तरी परवडलं असतं. तसं नाही, फार मायेनं म्हटलं. बिचारी उपाशी, तिचा तरी काय दोष, उपासात ध्यान कुठलं राहतंय. आणि त्याच मायेनं तिला सांगितलं की काही दिवस येऊ नको, घरी आराम कर.

"चाखा नई मैंने, बरोबर हाय," हुस्ना म्हणाली होती. "पन दाने खवट असते तो भाजते वक्त बास आती ना. मेरे दाने अच्छे थे, भाभी."

वच्छला एकटी म्हणाली होती की न बघता कुणावर ढकलू नका. तिचं कुणी ऐकलं नाही. ईदला हुस्नानं नेहमीसारखा शीरखुर्मा गल्लीत पाठवला, तेव्हा दरवर्षी दुसऱ्यांदा मागून खाणाऱ्या बायकांनी यंदा वाट्या झाकून ठेवल्या. हुस्ना घरच्या घरी भाकऱ्या करून द्यायची, तेही हळूहळू थांबलं. तिच्या हातचं खवट निघतं, असं पोरंटोरं सुद्धा म्हणायला लागली. आता सोमवारी गटाची बैठक होती. हुस्नाचं नाव कायमचं काढून तिच्या जागी दुसरी बाई घ्यायची होती. ती दुसरी बाई म्हणजे सुंदरम्माची सून, प्रियदर्शनी.

"हुस्नाचं काय?" वच्छलानं विचारलं.

सुंदरम्मानं सांगितलं. जशी कुणी आजची भाजी महाग झाली म्हणून सांगावं, तसं.

माहेरच्या जत्रेत देवापुढं शेंगदाण्याची रास ओततात. तिथला प्रसाद म्हणून तिनं पिशवीभर दाणे आणले होते. आणून वर्ष उलटलं. देवघराच्या वरच्या फळीवर पिशवी तशीच. फाल्गुनात काढून बघितली तर दाण्यांना वास मारत होता. आता प्रसाद टाकायचा कसा? टाकला तर पाप. खावा तर खाववेना. लग्नाच्या ऑर्डरचे दाणे हुस्नानं भाजून ठेवले होते, आणि सुंदरम्मा एकटीच कुटायला बसली होती. तिनं पिशवी त्यात ओतली. एवढ्या मोठ्या राशीत मूठभर काय कळणार आहे? आणि वर देवाचा प्रसाद पंगतीत सगळ्यांच्या मुखी लागणार. पुण्यच.

"देवाला विचारलं व्हतं मी," ती म्हणाली. "घालू का म्हणून. उजवं पडलं."

वच्छला रस्त्याच्या कडेला थांबली. तिला आधी हसू आलं, मग चीड.

"मूठभर न्हवं अक्का, पिशवीभर. आन लग्नघरवाले डबे घेऊन आले तवा?"

"तवा बी विचारलं. सांगू का म्हणून. डावं पडलं. देवच नको म्हणला, मग मी कशी सांगू?"

"देव नको म्हणला."

"व्हय की. आन खरंच बघ गं. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? प्रसादानं चटणी नासली म्हणून सगळं गाव बोललं असतं. देवाची बदनामी न्हवं का ती? मी त्याची अब्रू राखली."

"त्येनं अडुसष्ट ठिकाणी बसून एवडं सोलापूर सांबाळलं. त्येची अब्रू तुमच्या पिशवीत अडकली व्हती व्हय?"

सुंदरम्माला टोमणा समजला नाही. तिला टोमणे समजत नसत. देवाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला कोण टोमणा मारणार, अशी तिची समजूत असावी. ती आपल्याच नादात बोलत राहिली. लहानपणचं सांगायला लागली. देवाचं तिच्यावर पहिल्यापासून कसं प्रेम आहे ते.

वडील गावच्या देवळात पूजा करायचे. देवाच्या दिव्यासाठी तुपाचं गाडगं भरून ठेवलेलं असायचं. एकदा खेळताना ते सुंदरम्माच्या हातनं फुटलं. ती आणि तिची थोरली बहीण सावित्रम्मा, दोघीच देवळात होत्या. दोघींनीही नाही म्हटलं. वडिलांनी देवाला फुलं लावली. उजवं पडलं तर थोरलीनं फोडलं, डावं पडलं तर धाकटीनं. उजवं पडलं. सावित्रम्माला वडिलांनी दोरखंडानं मारलं.

"बघ की," सुंदरम्मा कौतुकानं म्हणाली, "देवाला माहीत व्हतं मी ल्हान हाय. मला मार सोसायचा न्हाई."

"आन सावित्रम्माला सोसायचा?"

"ती थोरली व्हती."

"तुमी तवा बोलला न्हाई?"

"कसं बोलू? देवाचा शब्द मोडायचा व्हय?"

वच्छलानं तिच्याकडं नीट बघितलं. साठी ओलांडलेली, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, केस पांढरेशुभ्र. बघणाऱ्यानं पाया पडावं असं रूप. आणि आत ती अजून तीच पोर, फुटलेल्या गाडग्याशेजारी उभी राहून दुसरीला मार बसताना बघणारी आणि आपण वाचलो म्हणजे आपण बरोबर असं समजणारी. बरोबर काय आणि चूक काय हे तिला त्या दिवशी एकदाच कळलं होतं. मार ज्याला बसतो तो चूक. त्यानंतर शिकायची तिला कधी गरज पडली नाही.

वच्छलाच्या आईला असलं काही येत नव्हतं. वच्छला लहान असताना तिनं शेजारच्या बांधावरनं हुरड्याची कणसं मोडून आणली होती. आईनं ना मारलं, ना देवाला विचारलं. कणसं ओट्यात घातली आणि म्हणाली, ज्येची हायती त्येच्या दारात जा आन ती म्हातारी बाहीर येईस्तवर हुबी ऱ्हा. तोंड दाखवून ये. वच्छला उभी राहिली होती. म्हातारी बाहेर आली, कणसं बघितली, वच्छलाकडं बघितलं, आणि आत गेली. ती नजर वच्छलाला अजून आठवते. त्यानंतर कुठली गोष्ट करावी, कुठली नाही, हे विचारायला तिला फुलं लागली नाहीत. करायच्या आधी त्या दारात उभं राहून बघायचं, बस्स.

"मग आता काय अडलंय?" तिनं विचारलं. "देवानं नको म्हणून सांगितलंय, तुमी गप बसलाय. आज एवडी फुलं कशाला वाया घालवताय?"

सुंदरम्मा पहिल्यांदा जरा घुटमळली.

"आषाढापासनं गुडघे सुजलेत. बसूचा माग दोनदा बंद पडला. प्रियदर्शनीला दिवस गेले न्हाईत अजून. मला भ्या वाटतंय गं. देव रागावलाय की काय."

म्हणजे हुस्नासाठी नाही. हुस्नाच्या दारावरनं रोज जाताना तिचं पाऊल कधी अडखळलं नव्हतं. अडखळलं ते गुडघा सुजला म्हणून. आणि दुसरीकडं सोमवारची बैठक, सुनेची जागा. गुडघा म्हणतोय सांग, सून म्हणतेय सांगू नको. बाईला स्वतःलाच काय पाहिजे ते ठरत नव्हतं, त्यामुळं अंगठ्यालाही कळत नव्हतं कुठलं फूल दाबायचं. म्हणून देव गप्प.

पुढचं लिंग एका घराच्या परसात होतं. घरच्या बाईनं दार उघडून आत घेतलं. तुळशीशेजारी, धुण्याच्या दगडापलीकडं लिंग. वच्छलानं पाणी घातलं, बेल वाहिला, हात जोडले. सुंदरम्मानं फुलं काढली.

"र्‍हाऊ द्या," वच्छला म्हणाली.

"एकदा बघते."

"अक्का, र्‍हाऊ द्या म्हणलं ना." आवाज चढला नव्हता, पण घरची बाई दोघींकडं बघायला लागली. वच्छलानं सुंदरम्माच्या हातातनं फुलं घेतली आणि दोन्ही लिंगावर नुसती वाहिली, समोर, एका जागी, जशी कुणीही वाहील तशी. "देवाला फुलं आवडत्यात म्हणून व्हायची असत्यात. त्येच्याकडनं सही घ्यायला न्हाई."

बाहेर आल्यावर सुंदरम्मा फणफणत चालायला लागली. आमच्या पद्धतीची चेष्टा करू नये, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तुम्हाला शेतकरी लोकांना काय कळणार. वच्छलानं सगळं ऐकून घेतलं.

"पद्धतीची चेष्टा न्हाई करत मी. पद्धत चांगली आसंल. तुमच्या माह्यारात खऱ्या मनानं इचारणारी माणसं असतील. मी तुमचा आंगठा बघितलाय अक्का. बसूच्या लग्नाच्या टायमाला बी बघितला, सासूला गावी धाडली तवाचं बी तुमीच सांगितलंय हसत हसत."

"कसला अंगठा?"

"जाऊ द्या. आता ऐका. सोमवारी बैठकीत तुमी बोललात तर बोललात. न्हाय तर मी बोलणार. पिशवीचं, वासाचं, सगळं. प्रियदर्शनीच्या नावाआदी."

सुंदरम्मा थबकली. तिच्या तोंडावर पहिल्यांदा खरं काही दिसलं. भीतीच ती, पण निदान माणसांची भीती.

"तू माझ्यावर उठलीस व्हय गं? एवढी वर्षं शेजार. तुझ्या बाळंतपणात मी भात शिजवून घातला."

"घातला की. इसरले न्हाई."

"गल्लीत तोंड कसं दाखवू मी? बायका येतात माझ्याकडं. विश्वासानं येतात."

"हुस्ना दाखवतीया की तिचं. रोज. एकटीच नळावर येती, कुणी बोललं न्हाई तरी बादली भरून जाती. तिला जमतंय, तुमाला बी जमंल."

"ती तरुण हाय."

हे पण ठरलेलंच. सावित्रम्मा थोरली म्हणून सोसायची, हुस्ना तरुण म्हणून. सुंदरम्मा नेहमी बरोबर मधल्या वयाची.

"मग देवाचं काय?" सुंदरम्मा हळूच म्हणाली. "देव नको म्हणाला व्हता."

"देव काय म्हणला त्ये मला म्हाईत न्हाई. हुस्ना काय म्हणली त्ये मी माझ्या कानानं ऐकलंय. माझे दाणे चांगले व्हते म्हणली. खरं बोलली. आपल्या सगळ्यांत ती एकटीच."

पुढं चौकात बायका टपरीपाशी दिसायला लागल्या. कुणीतरी हात हलवून बोलावत होतं. सुंदरम्मानं पदरानं कपाळ पुसलं, विभूती थोडी विस्कटली. वच्छलाला वाटलं, आता ही गप्प बसेल आणि सोमवारपर्यंत आजारी पडेल. पण तिनं वच्छलाचा हात धरला आणि तिला जरा मागं ओढलं. बराच वेळ ती हिशेब मांडत असावी. आता तिचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा शांत, भक्तिमान झाला होता.

"बरं. सांग तू," ती म्हणाली. "माझ्या तोंडातनं यायचं न्हाई ते. तूच सांग, तुझं चांगलं ऐकतात. पण बैठकीच्या आधी हुस्नाकडं जाऊन ये. तिच्या घरी जाऊन सांग. म्हणजे ती सगळ्यांसमोर काय बोलायची न्हाई."

"जाते."

"आन सांगताना एवढं कर, वच्छला." सुंदरम्मानं आवाज आणखी खाली आणला. "सुंदरम्मा लई रडली म्हणून सांग."